संगणकाची पदवी : किंमत आणि मोल

बारावीचा निकाल लागला की घरोघर एक निराळाच ऋतू सुरू होतो. सकाळच्या वर्तमानपत्रातून रंगीत पत्रके गळू लागतात. अनोळखी पण अतिशय गोड आवाज दूरध्वनीवरून ‘आपल्या पाल्याने काय ठरवले?’ अशी चौकशी करू लागतात. या पत्रकांवर आजकाल वैद्यक वा वकिली यांपेक्षा संगणकाचेच नाव अधिक दिसते. बी.सी.ए., बी.एस्सी. संगणकशास्त्र, मल्टिमीडिया, अॅनिमेशन, गेम डिझाइन अशी ही नामावळी लांबतच जाते. वाचकहो, आपल्यापैकी ज्यांच्या घरी यंदा असा विद्यार्थी वा विद्यार्थिनी आहे, त्यांस हे निराळे सांगावयास नकोच.

असेच एक पत्रक घेऊन इंदूरचे माझे एक जुने स्नेही काही दिवसांपूर्वी घरी आले. त्यांचे घराणे होळकरांच्या अमदानीत तिकडे गेले ते तिकडचेच झाले. स्वतः ते टपाल खात्यात नोकरीस आहेत. बरोबर त्यांची पत्नी होती आणि कन्याही. मुलीचा हात चित्रकलेत चांगला. तिला चित्रे हलवायची होती, म्हणजे अॅनिमेशन शिकायचे होते. पत्रकातील अभ्यासक्रम तीन वर्षांचा, वार्षिक शुल्क दोन लाख रुपये. शिक्षण इंदुरातच, पण पदवी दुसऱ्या राज्यातील एका खासगी विद्यापीठाची. ‘नोकरीची शंभर टक्के हमी’ हे शब्द पत्रकावर सोनेरी अक्षरांत होते. सहा लाखांचे कर्ज काढावे, की थोडे कर्ज आणि थोडे सोने असे करावे, एवढाच त्यांच्यापुढे प्रश्न होता. वहिनी म्हणाल्या, “बांगड्यांचं काय भावजी, पुन्हा होतील. पोरीचं वय पुन्हा येणार नाही.”

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. म्हणूनच आम्ही चौघे बसून आधी त्या सहा लाखांचा हिशेब केला. तो आपणही आपल्या घरी करून पाहावा.

दरवर्षी दोन लाख याप्रमाणे तीन वर्षे कर्ज उचलले, व्याज शेकडा दहा धरले आणि शिक्षण संपल्यावर आणखी एक वर्षाने परतफेड सुरू झाली असे समजू. पहिल्या दोन लाखांवर चार वर्षांचे सरळ व्याज ऐंशी हजार, दुसऱ्यावर तीन वर्षांचे साठ हजार, तिसऱ्यावर दोन वर्षांचे चाळीस हजार. म्हणजे पहिला हप्ता भरण्याच्या दिवशी कर्ज सहा लाखांचे राहत नाही, सात लाख ऐंशी हजारांचे होते. ते दहा वर्षांत फेडावयाचे तर दरमहा सुमारे दहा हजार तीनशे रुपये लागतात आणि हातून एकूण बारा लाखांहून अधिक जातात. पत्रकावरील सहाचा आकडा घरी येईतो दुप्पट झालेला असतो. नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलीच्या पगारातून घरभाडे व जेवणखाण वजा जाता दहा हजार बाजूला निघतील काय, हा प्रश्न प्रवेशापूर्वी विचारावयाचा असतो. आपण तो बहुधा चौथ्या वर्षी विचारतो.

आता पदवीकडे वळू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या अधिनियमातील बाविसावे कलम प्रत्येक पालकाने जाणून घ्यावे असे आहे. पदवी देण्याचा अधिकार कोणाला, हे ते सांगते. संसदेच्या वा राज्य विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, आयोगाच्या शिफारशीवरून केंद्राने मान्य केलेले अभिमत विद्यापीठ, किंवा संसदेने खास कायद्याने तसा अधिकार दिलेली संस्था, एवढ्यांनाच तो आहे. इतर कोणीही कितीही सुंदर कागदावर ‘डिग्री’ छापली तरी ती पदवी होत नाही. अशा बनावट विद्यापीठांची राज्यवार यादी आयोग आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करीत असतो. ती पाहण्यास पाच मिनिटे पुरतात.

परंतु आमच्या स्नेह्यांच्या बाबतीत पेच निराळा होता. त्या पत्रकातील विद्यापीठ खरे होते. ते आपल्या राज्याच्या कायद्याने स्थापन झाले होते आणि पदवी देण्याचा अधिकारही त्याला होता. अडचण एवढीच की, राज्याच्या कायद्याने स्थापलेल्या खासगी विद्यापीठाने आपल्या राज्याबाहेर केंद्र उघडावे अथवा एखाद्या शिकवणी-संस्थेला आपले नाव वापरू द्यावे, ही गोष्ट आयोगाच्या नियमांत बसत नाही. म्हणजे विद्यापीठ खरे आणि इंदूरची ती इमारतही खरी, परंतु या दोहोंना जोडणारा धागा मात्र कायदेशीर नव्हता. इतका सूक्ष्म फरक पत्रकात कोण लिहितो?

या सूक्ष्म फरकाची किंमत आपल्या देशातील विद्यार्थ्यांनी यापूर्वी मोजली आहे. छत्तीसगडात २००२ च्या एका कायद्याचा आधार घेऊन शंभराहून अधिक खासगी विद्यापीठे निघाली. त्यांतील कित्येकांना धड इमारतही नव्हती. शास्त्रज्ञ प्रा. यशपाल यांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि फेब्रुवारी २००५ मध्ये न्यायालयाने त्या कायद्यातील मूळ तरतुदीच रद्द केल्या. एका निकालासरशी ती सारी विद्यापीठे नाहीशी झाली. विद्यार्थ्यांचे नुकसान होऊ नये म्हणून त्या संस्था शक्यतो राज्यातील जुन्या विद्यापीठांस जोडून घ्याव्यात, असे न्यायालयाने सांगितले खरे. पण त्या मुलांच्या घरी त्या आठवड्यात काय झाले असेल याची कल्पना आपण करू शकतो. पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये काही अभिमत विद्यापीठांनी योग्य परवानगीवाचून दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकीच्या पदव्यांचा प्रश्न त्याच न्यायालयापुढे आला. २००१ ते २००५ या सत्रांत प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित होऊन त्यांना पुन्हा परीक्षेस बसण्याचा मार्ग दाखवण्यात आला, आणि त्यानंतरच्यांच्या पदव्या रद्द झाल्या. दहा-बारा वर्षे नोकरी करून संसारात स्थिरावलेली माणसे होती ती.

म्हणून पहिली चौकशी पदवीच्या नावाची करावी : विद्यापीठ कोणाचे, शिक्षण कोठे आणि त्या ठिकाणी शिकवण्यास परवानगी कोणाची? बी.सी.ए. असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी. २०२४-२५ या वर्षापासून हा अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आला आहे. महाराष्ट्रात त्याच वर्षी बी.सी.ए. साठी सामाईक प्रवेश परीक्षा सुरू झाली, तेव्हा काही महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे नावच बदलून टाकले. त्यामुळे निव्वळ नावावर जाऊ नये. आत काय शिकवतात ते वाचावे. दूरस्थ अथवा ऑनलाइन शिक्षण असेल तर आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या विद्यापीठाचे, त्या अभ्यासक्रमाचे आणि त्या वर्षाचे, अशी तिन्ही नावे एकत्र दिसली पाहिजेत. तशी ती असतील तर ही पदवी प्रत्यक्ष वर्गात बसून मिळवलेल्या पदवीच्या तोलाची मानावी, असे आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

मान्यता असली म्हणजे मोल आले असे मात्र नाही. येथून पुढचा भाग आपल्या डोळ्यांनी पाहण्याचा आहे.

महाविद्यालयात प्रवेशाच्या मेळाव्याला जाऊ नये. एखाद्या बुधवारी दुपारी, न कळवता जावे. संगणकांची प्रयोगशाळा उघडी आहे का, यंत्रांवर प्लास्टिकची आवरणे आहेत की मुले बसली आहेत, एका यंत्रावर किती जण, हे पाहावे. शिकवणारे कायम आहेत की तासिका तत्त्वावर, हे विचारावे. तासिका तत्त्वावरील शिक्षक कमी शिकवतात असे माझे म्हणणे मुळीच नाही, त्यांच्यापैकी काही तर उत्तम असतात. पण वर्षात तीन वेळा शिक्षक बदलला तर प्रोग्रामिंगसारखा विषय विस्कटतो. मग बाहेर चहाच्या टपरीवर दुसऱ्या वर्षाची मुले भेटतील. त्यांना एकच विचारावे, “गेल्या सहामाहीत तुम्ही स्वतः काय तयार केलंत?” मूल उत्साहाने खिशातून मोबाइल काढून काही दाखवू लागले तर ते महाविद्यालय बरे समजावे. ‘जर्नल पूर्ण केलं’ एवढेच उत्तर मिळाले तर विचार करावा.

नोकऱ्यांच्या आकड्यांविषयी दोन शब्द. ‘सर्वाधिक वेतन बारा लाख’ हा आकडा एका विद्यार्थ्याचा असतो. आपले मूल तो एक असेलच असे नाही. विचारावयाचे ते मधले वेतन, म्हणजे सर्वांना पगाराच्या क्रमाने उभे केले असता बरोबर मध्ये उभा असणाऱ्याचे. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना हा आकडा, आणि किती विद्यार्थी उत्तीर्ण झाले, किती नोकरीस लागले, किती पुढे शिकावयास गेले हेही, लेखी द्यावे लागते व ते सर्वांना पाहावयास मिळते. त्यात एक खोच आहे : बहुधा तीन वर्षांच्या सगळ्या अभ्यासक्रमांची बेरीज तेथे एकत्र असते, केवळ संगणकाची निराळी नसते. तरीही ती सोनेरी अक्षरांपेक्षा विश्वसनीय होय.

आता स्वस्त आणि चांगले असे मार्ग कोणते? आपल्याकडे ते आहेत, फक्त त्यांची पत्रके कोणी वाटत नाही.

महाराष्ट्रातील पुष्कळ पालकांना एक गोष्ट ठाऊक नसते. महाविद्यालय अनुदानित असले तरी त्यातील संगणकशास्त्राचा अभ्यासक्रम बहुधा विनाअनुदानित असतो, आणि त्याचे शुल्क निराळे व मोठे असते. त्याच इमारतीत, त्याच जिन्याने वर गेले असता गणित वा संख्याशास्त्राची बी.एस्सी. मात्र अनुदानावर, फारच थोड्या शुल्कात मिळते. ज्याला सॉफ्टवेअरमध्ये जावयाचे आहे त्याने गणिताची पदवी घेऊन पुढे एम.सी.ए. करावे, हा मार्ग आजही खुला आहे. एम.सी.ए. २०२०-२१ पासून दोन वर्षांचे झाले आहे आणि बारावीस वा पदवीस गणित असलेल्या इतर शाखांच्या पदवीधरांसही ते सामान्यतः करता येते. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांतील एम.सी.ए. साठी ‘निमसेट’ ही परीक्षा असते. पदवी घराजवळ, अल्प खर्चात. आणि पैसा घालावयाचाच तर तो पदव्युत्तर शिक्षणावर. माझ्या मते मध्यमवर्गीय घराला हाच क्रम परवडतो.

केंद्रीय विद्यापीठांचा विचार आपण उगीचच परका मानतो. दिल्ली, बनारस, हैदराबाद येथील विद्यापीठे साऱ्या देशाची आहेत. पदवीच्या प्रवेशासाठी २०२२ पासून त्यांची एक सामाईक परीक्षा होते आणि ती मराठीतूनही देता येते. वसतिगृह मिळाले तर बाहेरगावचा खर्च पुष्कळ आटोक्यात राहतो. न मिळाले तर मात्र खोलीच्या भाड्याने शुल्कातील सारी बचत गिळलीच म्हणून समजा.

ज्यांना घर वा नोकरी सोडता येत नाही त्यांच्यासाठी १९८५ मध्ये स्थापन झालेल्या इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचे बी.सी.ए. आहे. मद्रासच्या आयआयटीनेही २०२० मध्ये डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी-अभ्यासक्रम सुरू केला. त्याला जेईई लागत नाही. चार आठवड्यांचा पात्रता-अभ्यास करून परीक्षा द्यावी लागते, आणि पुढील परीक्षा ठिकठिकाणच्या केंद्रांवर प्रत्यक्ष बसून होतात. अल्प उत्पन्नाच्या व मागास प्रवर्गांतील विद्यार्थ्यांस शुल्कात पाऊणपटीपर्यंत सवलत आहे. मात्र हा अभ्यास कठीण असून मधूनच सोडणारे सोडतात. मुलाला एकट्याने, कोणी न हाकता, अभ्यासाला बसण्याची सवय आहे का, हे आपल्याइतके कोणास ठाऊक असणार?

शिष्यवृत्तीचे अर्ज प्रवेशानंतर नव्हे, प्रवेशाआधीच वाचून ठेवावे. केंद्र शासनाच्या शिष्यवृत्ती योजनेत बारावीच्या आपल्या मंडळात वरच्या वीस टक्क्यांत आलेल्या आणि घरचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असलेल्या विद्यार्थ्यास पदवीची तीन वर्षे दरसाल बारा हजार रुपये मिळू शकतात. दूरशिक्षणास ती नाही. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४ मध्ये, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींचे मान्य व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. पण प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापनाच्या कोट्यातून घाईने घेतलेली जागा येथे महाग पडते. कर्ज अटळच असेल तर नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या ‘प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी’ योजनेत आपली संस्था बसते का, ते पाहावे. तेथे तारण व जामीनदार लागत नाही, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात तीन टक्के व्याज-सवलत मिळू शकते. यादीत नसलेल्या संस्थेला ही सवलत नाही. ही गोष्टही पत्रकात नसते.

आता चित्रपट, अॅनिमेशन, ध्वनी, संकलन या माध्यमांच्या शिक्षणाकडे येऊ, कारण पालक सर्वांत अधिक फसतात ते येथेच. या क्षेत्रात नोकरी देणारा आधी काम पाहतो, मग पदवी. चाळीस सेकंदांची पण जिवंत अशी चित्रफीत जे काम करते, ते महागड्या प्रमाणपत्राने होत नाही. आणि ते काम करण्याची साधने आज फुकट आहेत. ब्लेंडर नावाचे त्रिमितीय चित्रणाचे सॉफ्टवेअर २००२ पासून सर्वांसाठी खुले व विनामूल्य आहे. लाटव्हिया या चिमुकल्या देशातील दिग्दर्शक गिंट्स झिल्बालोडिस यांनी त्यावरच ‘फ्लो’ हा एका मांजराचा संवादविरहित चित्रपट केला आणि २०२५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट अॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. चित्रांसाठी क्रिटा व इंकस्केप, छायाचित्रांसाठी गिंप, ही साधनेही तशीच मोफत. तेव्हा ‘आमच्याकडे लाखो रुपयांची सॉफ्टवेअरे आहेत’ या वाक्याने दिपून जाण्याचे दिवस गेले.

दुसरे असे की, साधन शिकवणे आणि कला शिकवणे यांत अंतर आहे. सन २००० नंतरच्या दशकात मल्टिमीडियाच्या असंख्य वर्गांतून ‘फ्लॅश’ हे सॉफ्टवेअर शिकवले जाई. ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याच्या निर्मात्यांनीच फ्लॅश प्लेअरचा आधार काढून घेतला आणि संकेतस्थळांवरून ते नाहीसे झाले. ज्यांना फक्त त्याची बटणे ठाऊक होती त्यांचे शिक्षण एका दिवसात जुने झाले. ज्यांना रेषा, गती, कालमान आणि गोष्ट सांगणे येत होते ते दुसऱ्या साधनाकडे वळले. आज यंत्रेच कार्यक्रम लिहू व चित्रे काढू लागली आहेत, तेव्हा हा भेद अधिकच महत्त्वाचा झाला आहे. अभ्यासक्रम हाती घेऊन पाहावा. त्यात नुसती सॉफ्टवेअरांची नावे असतील तर तो लवकर शिळा होईल. माध्यमांसाठी रेखाटन, रंग, अक्षररचना, ध्वनी, कथा; सॉफ्टवेअरसाठी गणित, डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस; असे विषय ठळक असतील तर तो टिकेल.

उत्तम सार्वजनिक संस्था या क्षेत्रातही आहेत. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललितकला शाखा १९५० पासूनची. आयआयटी मुंबईतील औद्योगिक अभिकल्प केंद्र १९६९ चे; तेथे पदवीनंतर अॅनिमेशनचे शिक्षण मिळते. पुण्याची चित्रपट संस्था १९६० ची आणि कोलकात्याची सत्यजित राय संस्था १९९५ ची. या दोन्हींतील मुख्य अभ्यासक्रमांना कोणत्याही शाखेची पदवी चालते. जागा अगदी थोड्या असतात, स्पर्धा कठीण असते, आणि सार्वजनिक म्हणून शुल्क सर्वत्र थोडेच असते असेही नाही. पण तेथे प्रवेश हाताच्या कसबावर व परीक्षेवर मिळतो, आणि परीक्षेची तयारी घरी बसूनही करता येते.

आमच्या स्नेह्यांच्या कन्येने काय केले, हे विचारण्याचा आपला हक्क आहे. दत्तात्रेय दामोदर देवळालीकर या मराठी कलाशिक्षकाने १९२७ मध्ये इंदुरात चित्रकलेची शाळा काढली होती. नारायण श्रीधर बेंद्रे व मकबूल फिदा हुसेन हे तिचे विद्यार्थी. ती आज शासकीय ललितकला संस्था म्हणून त्याच शहरात आहे, आणि आमचे स्नेही तिच्यावरून रोज सायकलने कचेरीत जातात! मुलीने तेथे प्रवेश घेतला. दिवसा रेखाटन, रात्री ब्लेंडर, असा तिचा क्रम चालू आहे. त्या दुसऱ्या संस्थेत जागा राखण्यासाठी भरलेले पंचवीस हजार रुपये परत मिळवण्यासाठी मात्र आयोगाच्या नियमांचा हवाला देऊन तीन पत्रे लिहावी लागली. अखेर बरेचसे पैसे आले. बारावीचे मूळ गुणपत्रकही तेथे ठेवून घेतले होते. संस्थेला ते पडताळून पाहता येते, स्वतःकडे अडकवून ठेवता येत नाही, हे आमच्या स्नेह्यांना तोवर माहीत नव्हते.

परवा त्यांचा दूरध्वनी आला. चित्रे हलवायला घरचा संगणक फार वेळ घेतो, नवा घ्यायचा तर किती स्मृतीचा आणि कोणत्या ग्राफिक्स कार्डाचा, असे ते विचारीत होते. सत्तर-ऐंशी हजारांपर्यंत जाण्याची त्यांची तयारी आहे. मागून वहिनींचा आवाज आला, “आणि भावजींना सांगा, धाकट्याची पण बारावी यंदाच आहे.”